गाडी किती उंच करावी?

आपल्या वार्षिकात कविता असतात, सहलीची वर्णने असतात, ‘आजचा विद्यार्थी’ या विषयावर एखादा तरी लेख असतोच. मोटारगाडीच्या कमानींवर आणि स्प्रिंगांवर कोणी लिहिल्याचे मात्र माझ्या पाहण्यात नाही. तेव्हा द्वितीय वर्ष कला वर्गातल्या मुलाने हा विषय का निवडला, असा प्रश्न वाचकांना आणि विशेषतः प्राध्यापकवर्गाला पडेल. त्याचे उत्तर सरळ आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिला. आमचे घर थोड्या भातशेतीवर आणि एका जुन्या जीपवर चालते. त्या जीपविषयी मी एक सल्ला दिला. ‘पोरगा शिकलेला आहे’ म्हणून घरच्यांनी तो ऐकला आणि तो चुकला. चुकीची किंमत मला मोजावी लागली नाही, ती दुसऱ्याच एका माणसाने मोजली. त्यानंतर या विषयावर मिळेल ते मी वाचले, मिस्त्री लोकांना विचारले, गाडीखाली पडून स्वतः पाहिले. त्यातून जे मत बनले ते येथे मांडतो.

आमचा अकोले तालुका सह्याद्रीच्या ऐन कण्यावर वसलेला आहे. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड ही नावे सर्वांना परिचित आहेत. पावसाळा लागला की शनिवार-रविवारी भंडारदरा आणि घाटघरच्या रस्त्याला पुण्या-मुंबईच्या व नाशिकच्या गाड्यांची रांग लागते. त्यांत थार असतात, जिम्नी असतात, गुरखा असतात. यांतल्या बऱ्याच गाड्या कारखान्यातून आल्या तशा राहिलेल्या नसतात. त्यांना उंच केलेले असते. चाके आणि सांगाडा यांच्यामधली स्प्रिंग, शॉकअप वगैरे सामान बदलून किंवा त्यात ठोकळे-चकत्या घालून गाडी दोन, तीन, चार इंच वर उचलतात. या सामानाच्या संचाला ‘लिफ्ट किट’ म्हणतात. आमच्या भागातली मुले चहाच्या टपरीवर बसून या गाड्यांची उंची बोटांनी मोजतात. मीही मोजत असे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नुकताच बारावी पास झालो होतो. माझा थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, राजूरपासून आमच्या वाडीपर्यंत जीप चालवतो. जीप जुन्या घडणीची, पुढे आणि मागे दोन्हीकडे लोखंडी पाट्यांच्या कमानींवर बसलेली. वाडीच्या अलीकडे एक ओढा लागतो. पावसात तेथे चाकोऱ्या खोल जातात आणि मधला उंचवटा तसाच राहतो. त्यावर गाडीचा तळ खरवडला जाई. एकदा तर गाडी मध्येच टेकली आणि चारी चाके नुसती फिरत राहिली. दादा वैतागला होता. मी त्याला मोबाईलवर चित्रफिती दाखवल्या. उंच केलेल्या जीपा दगडांवरून सहज जाताना त्यांत दिसत होत्या. मी म्हणालो, “दादा, तीन इंच उचलली की काम झालं.”

राजूरचे एक वयस्क मिस्त्री आमच्या जीपचे काम पूर्वीपासून पाहत. त्यांना आम्ही विचारले. त्यांनी मडगार्डखाली हात घालून पाहिले आणि म्हणाले, “अरे बाळ, गाडी बसलीय तुमची. तिला उठवा. उंच कशाला करता?” त्यांचे म्हणणे मला जुनाट वाटले. चौथी शिकलेल्या माणसाला नवीन गोष्टी काय ठाऊक, असे मी मनात म्हटले. आज हे वाक्य लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा म्हटले हे खरे आहे.

आम्ही दुसरीकडे गेलो. तेथे पुढच्या-मागच्या कमानींना लांब शेकल लावले, मागच्या अॅक्सल आणि कमानीच्या मध्ये लोखंडी ठोकळे घातले, मोठे यू-बोल्ट आवळले. एकूण २२ हजार रुपये गेले. त्यांतले ६ हजार बाबांनी माझ्या प्रवेशासाठी बाजूला ठेवलेले होते. मी स्वतः बॅटरी धरून उभा होतो. ब्रेकच्या रबरी नळ्या तशाच ठेवल्या. कारागीर म्हणाला, “पुरतात.” गाडी सपाट जागी उभी होती, तेव्हा त्या खरोखरच पुरत होत्या.

जुलैमध्ये, लावणीच्या दिवसांत, एका संध्याकाळी दादा शेवटची फेरी घेऊन येत होता. गाडीत अकरा माणसे होती. इतकी बसवणे नियमात बसत नाही हे मला मान्य आहे. पण दिवसाची शेवटची गाडी आणि वरून पाऊस असताना कोणाला खाली उतरवावे हेही नियमात लिहिलेले नाही. ओढ्यात उजवे पुढचे चाक खोल चाकोरीत गेले आणि लोंबकळले. आधीच ताणलेली ब्रेकची नळी तोंडाशी फाटली. पलीकडे चढ चढून उतार लागतो. तेथे दादाने ब्रेकवर पाय दिला तो पायडल थेट तळाला गेले. त्याने गाडी गिअरमध्ये ठेवून डोंगराच्या बाजूला घातली. खालची बाजू दरीची होती, म्हणून त्याने योग्य तेच केले. मूळ उंचीची गाडी बहुधा दरडीला घासून थांबली असती. आमची तीन इंच उचललेली, भरलेली गाडी एका कुशीवर आडवी झाली.

कोणाचा जीव गेला नाही. वाडीतल्या एका मावशींचा उजवा हात कोपराखाली मोडला. ऐन लावणीत. आम्ही त्यांना भेटायला गेलो तेव्हा त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “तूच सांगितलं होतंस ना रे दादाला, वाचून?” मी वाचले नव्हते, फक्त चित्रे पाहिली होती. पण घरात आणि वाडीत कोणाला हा फरक कळणार होता? मला कळायला हवा होता. त्यांच्या दोन खाचरांची लावणी त्या वर्षी आम्ही दोघा भावांनी केली.

हे सांगण्याचे कारण सहानुभूती मिळवणे हे नाही. गाडी उंच करण्याचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने प्रथम काय समजून घ्यावे, ते या एका प्रसंगात सगळे आलेले आहे. लिफ्ट किट घेणारा माणूस समजतो की आपण उंची नावाची एक वस्तू विकत घेत आहोत. प्रत्यक्षात तो एक साखळी ताणत असतो. सांगाडा वर गेला की चाकापर्यंत जाणारे सर्व काही तोकडे पडते किंवा वाकडे होते. ब्रेकच्या नळ्या तोकड्या पडतात. शॉकअप तोकडे पडतात. चाक खड्ड्यात उतरले की स्प्रिंगच्या आधी शॉकअपच पूर्ण ताणला जातो आणि त्याच्या बैठका तुटतात. इंजिनाकडून अॅक्सलकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा उतार वाढतो, त्याच्या क्रॉसवर ताण येतो आणि वेग घेतला की गाडी थरथरू लागते.

यातली सर्वांत न दिसणारी गोष्ट म्हणजे कॅस्टर. सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा नसतो, किंचित मागे कललेला असतो. म्हणून हात सोडले तरी सायकल थोडी सरळ जाते. गाडीच्या पुढच्या चाकांनाही तसाच कल दिलेला असतो. अखंड अॅक्सलच्या गाडीला पुढून उचलले की हा कल बहुधा कमी होतो. मग स्टिअरिंग हलके लागते, वळणानंतर आपोआप परत येत नाही आणि मोठ्या रस्त्यावर गाडी भटकते. दादा मला दोनदा म्हणाला होता, “गाडी हाताखाली राहत नाही रे.” मी त्याला म्हणालो, सवय होईल.

आता दुसरा मुद्दा, जो माझ्या मते निम्म्या लोकांना ठाऊक नसतो. स्प्रिंग किंवा कमान उचलल्याने गाडीचा सर्वांत खालचा भाग वर जातोच असे नाही. अखंड अॅक्सलच्या गाडीत सर्वांत खाली असतो तो अॅक्सलच्या मधला डिफरन्शियलचा गोळा. हा गोळा चाकांबरोबर असतो, सांगाड्याबरोबर नव्हे. तीन इंचच काय, एक फूट कमान उचलली तरी गोळा जमिनीपासून होता तेवढ्याच उंचीवर राहणार. त्याला वर नेण्याचा एकच उपाय, मोठे टायर. आणि तेथेही अर्धाच हिशेब मिळतो. ३० इंच व्यासाच्या टायरऐवजी ३२ इंचाचा घातला तर अॅक्सल दोन नव्हे, एकच इंच वर जातो, कारण टायरचा निम्मा भाग अॅक्सलच्या वर असतो. शिवाय चक्रमापक खोटे बोलू लागतो. काट्यावर ६० दिसत असताना गाडी ६४ च्या वेगाने जात असते.

अपघातानंतर जीप उभी केली तेव्हा मिस्त्रींनी मला खाली पडायला लावले आणि गोळ्यावरचे ओरखडे दाखवले. काही जुने होते, काही त्याच महिन्यातले, ताजे. म्हणजे ओढ्यातल्या उंचवट्याला जे घासत होते ते आम्ही उचललेच नव्हते. २२ हजार रुपये खर्चून आम्ही फक्त माणसे उंच बसवली होती.

तिसरा मुद्दा तोलाचा. माझ्या एका विज्ञान शाखेतल्या मित्राने मला तो वहीवर करून दाखवला. गाडीच्या दोन चाकांमधले आडवे अंतर घ्यावे, त्याचे निम्मे करावे आणि त्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागावे. हा आकडा जितका मोठा तितकी गाडी कुशीवर पडायला अवघड. समजा, चाकांमधले अंतर १५०० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य ७०० मिलिमीटरवर आहे. आकडा येतो १.०७. आता गुरुत्वमध्य तीन इंच, म्हणजे सुमारे ७५ मिलिमीटर, वर गेला असे धरू. आकडा ०.९७ वर येतो. आडव्या उतारावर जी गाडी ४७ अंशांपर्यंत तग धरत होती ती ४४ अंशांवरच कलंडते. चाकांचे वजन खालीच राहत असल्याने प्रत्यक्षात फरक थोडा कमी पडतो. तरीही हा हिशेब उभ्या गाडीचा आहे. चालत्या गाडीत, वळणावर, टपावर सामान आणि आत अकरा माणसे असताना काय होते ते मी सांगितलेच आहे.

मग काय, गाडी कधीच उंच करू नये? तसे माझे म्हणणे नाही. ज्यांना दगडधोंड्यांच्या वाटेने खरोखर जायचे असते, त्यांना उंचीचा उपयोग आहे. गाडीचे तीन कोन महत्त्वाचे असतात. पुढचा बंपर न टेकता किती चढावर चढता येते तो एक, मागचा भाग न घासता किती उतारावरून सुटता येते तो दुसरा, आणि दोन चाकांमधले पोट न टेकता किती उंचवटा ओलांडता येतो तो तिसरा. हे तिन्ही कोन उंचीने वाढतात. परंतु कारखान्यातून आलेल्या गाडीत ते किती आहेत हे आधी पाहावे. २०२० साली आलेल्या थारचे जमिनीपासून अंतर २२६ मिलिमीटर आहे, चढण्याचा कोन ४१.८ अंश, सुटण्याचा ३६.८ अंश आणि पोटाचा २७ अंश आहे. जिम्नीचे अंतर २१० मिलिमीटर आहे. घाटघरच्या रस्त्याला येणाऱ्या किती गाड्यांना यापेक्षा अधिकाची गरज पडते? मी तर त्यांना डांबरी रस्त्यावरच पाहतो.

तरीही ज्याला घ्यायचेच आहे, त्याने किट कसे निवडावे? मला वाटते, दुकानात जाण्यापूर्वी स्वतःला काही प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न: गाडी बसली तर नाही ना? कमानी आणि स्प्रिंगा वर्षानुवर्षे वजन वाहून दबतात. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजपट्टी लावावी, चारही बाजूंनी, आणि त्याच जातीच्या नव्या किंवा कमी चाललेल्या गाडीशी ताडून पाहावे. आमची जीप मागून दीड इंच बसलेली निघाली. जुने पाटे सोडवून त्यांना पुन्हा कमान काढली, पाणी दिले, एक तुटलेला पाटा बदलला, की तो दीड इंच परत मिळाला असता. मिस्त्री नेमके हेच म्हणाले होते. ही उंची आपलीच असते, हरवलेली असते. ती परत आणताना साखळीतले काहीच ताणले जात नाही.

दुसरा प्रश्न: गाडी कायम किती वजन वाहणार? स्प्रिंग ही उंचीपेक्षा वजनाची बाब आहे. पुढे लोखंडी बंपर आणि विंच, टपावर जाळी, मागे सामान असेल तर त्या वजनाला धरून कडक स्प्रिंग घ्यावी लागते. तीच कडक स्प्रिंग रिकाम्या गाडीला लावली तर गाडी उंच दिसेल, पण बैलगाडीसारखी आदळेल, आणि उसळत्या चाकाची जमिनीवरची पकड सुटेल. ‘किती इंच?’ हा दुकानदाराने विचारायचा दुसरा प्रश्न आहे. ‘वजन किती?’ हे ज्याने आधी विचारले नाही, त्याच्याकडून माल घेऊ नये.

तिसरा प्रश्न: गाडीची बांधणी कोणती? सगळ्या गाड्यांना एकच औषध चालत नाही. जिम्नीला पुढे आणि मागे दोन्हीकडे अखंड अॅक्सल व गुंडाळीच्या स्प्रिंगा आहेत. तिला उंच केले की अॅक्सल आडवा धरणारा दांडा तिरका होतो आणि सबंध अॅक्सल किंचित एका बाजूला सरकतो. त्यासाठी कमीजास्त करता येणारा दांडा किटमध्ये असावा लागतो. २०२० च्या थारला पुढची दोन चाके स्वतंत्र आहेत. तेथे स्प्रिंगवर एक इंचाची चकती बसवली तर चाकाजवळ एक इंचाहून अधिक उंची वाढते, कारण स्प्रिंग चाकावर नव्हे, आत, भुजेवर बसलेली असते. चकती लहान म्हणून परिणाम लहान, असे समजू नये. २०१० च्या जुन्या थारला पुढे पिळाची दांडी आहे. तिचा बोल्ट फिरवला की गाडी फुकट उंच होते, असे पुष्कळजण सांगतात. फुकट काही होत नाही. चाकाला खड्ड्यात खाली उतरायला जी जागा होती, तीच उंचीत खर्ची पडते. आणि आमच्यासारख्या कमानीच्या जीपला लांब शेकल लावले तर जेवढे शेकल लांब त्याच्या निम्मीच उंची मिळते, वर अॅक्सलचा कल बिघडतो. ठोकळे पुढच्या अॅक्सलखाली तर कधीच घालू नयेत. ब्रेक मारताना तेथे सर्वांत जास्त जोर येतो.

चौथा प्रश्न: डब्यात काय काय आहे? केवळ स्प्रिंगा किंवा केवळ चकत्या असतील तर ते किट नव्हे. स्प्रिंगांना जुळतील अशा लांबीचे शॉकअप, लांब ब्रेकनळ्या, धक्का अडवणारे नवे रबर, तोल सांभाळणाऱ्या दांडीचे लांब दुवे आणि कल दुरुस्त करण्याची सोय, हे सगळे एकाच हिशेबाने बनवलेले असावे. एकेक सुटा भाग निरनिराळ्या दुकानांतून स्वस्तात गोळा करणे म्हणजे एका पायात चप्पल आणि एका पायात बूट घालून गड चढण्यासारखे आहे.

पाचवा प्रश्न: बसवल्यानंतर कोण पाहणार? एक चाक दगडावर चढवून आणि समोरचे लोंबकळत ठेवून प्रत्येक नळी व प्रत्येक सांधा हाताने तपासला पाहिजे. सपाट जमिनीवर सगळेच पुरते. नंतर चाकांची जुळणी करून घ्यावी, हेडलाईट खाली करावेत. गाडीचे नाक वर गेले की प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत जातो. पाचशे किलोमीटर चालल्यावर सर्व बोल्ट पुन्हा आवळून पाहावेत.

आणि सहावा प्रश्न कायद्याचा, जो दुकानात कोणी काढत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, निर्मात्याने ठरवलेल्या आणि नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. विमा कंपनीही अशा बदलावर बोट ठेवून पैसे नाकारू शकते. म्हणून आधी परिवहन कार्यालयात विचारावे, मग पैसे मोजावेत. कायदा फार कडक आहे, असे काही मित्र म्हणतात. मलाही तो काही बाबतीत ढोबळ वाटतो. नीट बनवलेले दोन इंचांचे किट आणि आमचे ठोकळे यांत तो भेद करत नाही. परंतु ज्याची जीप कुशीवर पडली त्याला ही तक्रार फार जोराने करता येत नाही.

माझे मत आता थोडक्यात सांगतो. बहुतेकांना उंचीची गरजच नसते. त्यांना चांगले टायर, योग्य हवा आणि चाक कोठे ठेवावे याची अक्कल पुरते. ज्यांना गरज असते त्यांना ती थोडी असते, आणि ती पूर्ण साखळीसह घ्यावी. माणसे वाहणाऱ्या गाडीला तर मूळ उंचीपेक्षा एक बोटही अधिक नको. हौसेच्या गाडीत मालक स्वतःचा जीव घेऊन बसतो. आमच्या जीपमध्ये दुसऱ्यांचे जीव असतात आणि त्यांना आपण किती इंचांवर बसलो आहोत हे कोणी विचारलेले नसते.

यावर कोणी म्हणेल, ओढ्यातल्या उंचवट्याचे काय? तो तर तसाच आहे. हा आक्षेप मला मान्य आहे. खरे म्हणजे प्रश्न गाडीचा नव्हताच, त्या वाटेचा होता. एक मोरी आणि दोन्ही बाजूंना थोडे दगडी सोलिंग एवढ्याने तो सुटतो. खेडी बारमाही रस्त्यांनी जोडण्यासाठी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाली. आमच्या वाडीपर्यंत अजून ती पोचायची आहे. मागच्या उन्हाळ्यात मी ग्रामसभेसाठी मोरीचा अर्ज लिहिला. वाडीतल्या त्रेपन्न माणसांनी त्यावर सह्या केल्या, काहींनी अंगठे उठवले. मावशींनी डाव्या हाताचा अंगठा दिला. त्यांच्या उजव्या हाताची मूठ अजून पुरती वळत नाही. मोरी झालेली नाही. तोपर्यंत आम्ही दोघे भाऊ पावसाआधी फावड्याने मधला उंचवटा काढतो आणि चाकोऱ्यांत मुरूम भरतो. दोन दिवसांचे काम आहे. २२ हजार खर्चण्यापूर्वी हे आम्हाला का सुचले नाही, याचे उत्तर मला देता येत नाही.

शेवटी एक गोष्ट, जी माझ्यासारख्या, घरातून पहिल्यांदा शिकायला आलेल्या मित्र-मैत्रिणींसाठी आहे. आपण घरी गेलो की लोक आपल्याला औषधाच्या चिठ्ठीपासून सात-बारापर्यंत सगळे विचारतात, आणि आपण सांगू ते खरे मानतात. आपण अर्धे वाचलेले आहे हे त्यांना कळत नाही. त्यामुळे “मला माहीत नाही, मिस्त्रींना विचारू” हे वाक्य उच्चारायला शिकणे, हा मला या शिक्षणाचाच एक भाग वाटू लागला आहे. मला ते दोन वर्षे उशिरा आले.

आमची जीप आता मूळ उंचीवर आहे. राजूरच्या मिस्त्रींनी पाट्यांना नवी कमान काढून दिली, ब्रेकच्या नळ्या बदलल्या, ठोकळे भंगारात गेले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी चारही चाकांपाशी मोजपट्टी लावून आकडे वहीत लिहितो. ज्यांच्या घरी जीप आहे त्यांनीही या सुट्टीत एकदा मोजून पाहावे. आणि किट घ्यायला निघाला असाल, तर आधी गाडीखाली शिरून काय घासते आहे ते पाहून यावे.

— द्वितीय वर्ष, कला